आमची वाटचाल : पावसाळी भटकंतीपासून हतनूरच्या पाण्यापर्यंत

खान्देशात डोंगरभटकंती म्हणजे पावसाळा, असेच धरले जाते. पहिला पाऊस झाला की मनुदेवी, पाटणादेवी, तोरणमाळ. दिवाळी झाली की बूट माळ्यावर. जळगावातून आम्ही सहली न्यायला लागलो तेव्हा आमचा धंदाही तेवढाच होता, चार महिन्यांचा. चार महिन्यांच्या कमाईवर चांगला वाटाड्या वर्षभर टिकत नाही आणि दोर, लाइफ जॅकेटे वेळच्या वेळी बदलता येत नाहीत. म्हणून आमची वाटचाल ही मुख्यतः हंगाम लांबवण्याची आहे, आणि तो किती लांबवायचा हे ऊन, वारा व पाणी ठरवतात.

पावसाळ्यातला धोका कड्यांपेक्षा नाल्यांचा जास्त. सातपुड्यातले ओढे आखूड आणि तीव्र उताराचे असतात. वर जोराचा पाऊस झाला की खाली ऊन पडलेले असतानाही पाणी येते. नितळ पाणी एकाएकी गढूळ झाले, त्यात पालापाचोळा, काटक्या वाहू लागल्या की समजायचे, लोंढा मागून येतो आहे. पाणी गुडघ्याच्या वर असेल किंवा तळ दिसत नसेल तर आम्ही गट उतरवत नाही. असे ओढे चढतात तसे बहुतेक वेळा काही तासांत ओसरतात, म्हणून जास्तीचा एक डबा आणि कोरडे कपडे पिशवीत असणे सक्तीचे केले आहे. ओलांडायचेच असेल तर पाठपिशवीचा कमरपट्टा सोडून, हातात काठी घेऊन, पाणी जिकडून येते तिकडे तोंड करून. दोर अंगाला बांधून कोणालाही पाण्यात सोडायचे नाही. पाय घसरला तर तोच दोर माणसाला पाण्याखाली दाबून धरतो.

दिवाळीनंतरचे डोंगर आम्हाला अधिक आवडतात. हवा स्वच्छ, वाटा कोरड्या, पहाटे गारठा. फक्त गवत वाळलेले असते आणि कुसळे मोज्यांतून थेट कातडीपर्यंत जातात. लोकरी मोजे इथे निरुपयोगी. गुळगुळीत कापडाची पँट आणि घोट्यापासून पोटरीपर्यंत गेटर (पायाला गुंडाळायचे कापडी आवरण) हा उपाय. दगडांच्या भेगांत फुरसे असते, त्यामुळे बघितल्याशिवाय हात टेकायचा नाही. अस्तंब्याला (उंची 1,325 मीटर) धनत्रयोदशीच्या सुमारास मोठी यात्रा भरते. त्या दिवसांत आम्ही तिकडे गट नेत नाही. ती वाट यात्रेकरूंची आहे. चालण्याचा हिशेब साधा ठेवतो: सपाटीवर तासाला तीन किलोमीटर आणि दर 300 मीटर चढाईला वरून एक तास. नवख्या गटाला हा हिशेब पुरतो, आणि त्यातून निघणारी परतीची वेळ अंधाराच्या दोन तास आधीची असावी लागते.

खरा बदल झाला तो कयाकमुळे, म्हणजे वल्ह्याने चालवायच्या छोट्या, अरुंद नावेमुळे. भुसावळजवळचे हतनूर धरण तापीवर आहे आणि वरच्या बाजूला, चांगदेवला, तापी-पूर्णेचा संगम. पावसाळ्यात इथे नाव घालायची नाही. जळगावात थेंबही नसताना बैतूलकडे तापीच्या किंवा अकोल्याकडे पूर्णेच्या खोऱ्यात पाऊस झाला की पाणी येते आणि 41 दरवाज्यांपैकी कधी किती उघडतील ते आपल्या हातात नसते. दरवाजे बंद होऊन पाणी स्थिरावले की आमचा हंगाम सुरू होतो आणि साधारण फेब्रुवारीअखेरपर्यंत चालतो. पुढे पाणी मागे सरकते आणि काठाला गाळाचा पट्टा उघडा पडतो. वरून वाळलेला दिसणारा हा गाळ आत लोण्यासारखा मऊ असतो. मांडीपर्यंत रुतलेला माणूस स्वतःहून सुटत नाही. उतरण्याची जागा म्हणून आम्ही खडकाळ किंवा मुरमाड काठच निवडतो.

नवख्यांसाठी वर बसायची कयाक बरी, जिच्या बैठकीला आरपार छिद्रे असतात. उलटली तरी तिच्यात पाणी भरत नाही; सुलटी करून पुन्हा चढता येते. एका माणसाची नाव वीस-पंचवीस किलोची असते आणि दोघे मिळून ती सहज उचलतात. वल्हे 220 ते 230 सेंटिमीटरचे. पाण्यात घालण्यापूर्वी मागचे बूच घट्ट आहे का ते रोज बघायचे, कारण ते ढिले राहिले तर पोकळ भागात हळूहळू पाणी शिरते, नाव जड आणि डळमळीत होते आणि आत बसलेल्याला कारण कळत नाही. जॅकेटची तपासणी एकच: पट्टे आवळल्यावर खांद्यांना धरून वर ओढायचे. ते कानापर्यंत आले तर माप चुकले.

वारा सकाळी पडलेला असतो आणि ऊन वाढले की उठतो. मोकळे पाणी जितके लांब तितकी लाट मोठी, त्यामुळे मधोमध ओलांडण्याऐवजी काठाने जाणे चांगले. आम्ही उजाडताच पाण्यात असतो, आधी वाऱ्याच्या तोंडावर जातो आणि परतताना वारा पाठीशी घेतो. लाटांच्या माथ्यावर पांढरा फेस वरचेवर दिसू लागला की सहल तिथेच संपवायची. मासेमारीची जाळी हा वेगळा विषय: तरंगणाऱ्या थर्मोकोलच्या किंवा बाटल्यांच्या ओळीमधून नाव घालायची नाही, वळसा घ्यायचा. मच्छीमार दादांशी आदल्या संध्याकाळी बोलून जाळी कुठे आहेत ते विचारतो. थंडीत चक्रवाक आणि इतर पाहुणी बदके इथे उतरतात. थवा माना वर करून बघू लागला की आपण फार जवळ आलो, तिथूनच मागे वळायचे.

हतनूरला हात बसलेल्यांना आम्ही डिसेंबर-जानेवारीत तारकर्लीकडे, कर्लीच्या खाडीत आणि समुद्रात नेतो. धरणाच्या पाण्यात नसलेली गोष्ट इथे असते, भरती-ओहोटी. कोकणातले मच्छीमार तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात: अष्टमीला सहाच्या सुमारास, पौर्णिमेला सव्वाअकराच्या. अंदाजाला हे उत्तम, तरी छापील तक्ता बघितल्याशिवाय निघू नये. भरतीच्या किंवा ओहोटीच्या सहा तासांपैकी मधल्या दोन तासांत पाणी सगळ्यात जोरात धावते. खाडीच्या मुखाशी त्या वेळी ओहोटी आणि समोरून वारा एकत्र आले तर लाटा उभ्या राहतात आणि जवळजवळ येतात. तिथे नवख्याला न्यायचे नाही.

बर्फावरच्या स्कीइंगबद्दल विचारणा येते. त्यासाठी हिमस्खलनाचा अंदाज घेणारा, त्या उतारांवर वर्षानुवर्षे राहिलेला माणूस लागतो. आम्ही ते करत नाही, गुलमर्गच्या सरकारी संस्थेचे प्रशिक्षण घ्या असे सांगतो.

मार्चपासून ऊन तापते आणि एप्रिल-मेमध्ये जळगाव-भुसावळकडे पारा 44-45 अंशांच्या आसपास जातो. या दोन महिन्यांत दिवसाच्या सहली आम्ही पूर्ण बंद ठेवतो, कितीही मागणी असली तरी. मार्चमध्ये फक्त तोरणमाळ. ते सुमारे 1,150 मीटरवर असल्याने खालच्या शहाद्यापेक्षा सहा-सात अंश गार असते. तिथेही पहाटे निघून दहाच्या आत सावलीत. माणशी चार लिटर पाणी, त्यातले एक लिटर क्षारसंजीवनी घातलेले. नुसते पाणी पीत राहिले तर घामातून गेलेले मीठ भरून येत नाही, पायात गोळे येतात, मळमळते. घाम थांबला, बोलणे असंबद्ध झाले तर तो उष्माघात: सावली, अंगभर पाणी, वारा आणि तातडीने दवाखाना.

बंद महिने दुरुस्तीचे. प्लास्टिकच्या कयाकी तळावर ठेवल्या तर उन्हाने तळाला पोचे येतात, म्हणून त्या सावलीत, आडव्या कुशीवर, रुंद पट्ट्यांवर टांगतो. वाहून नेताना पट्टे फार आवळले तरी हेच होते. पोचा आलाच तर नाव उन्हात ठेवून आतून हळूहळू दाबायचा, बहुतेक वेळा निघतो. जॅकेटे पाण्यात वजन बांधून तरंगवून बघतो. आतला फोम दबून कडक झालेला असेल तर ते जॅकेट कापून टाकतो, म्हणजे चुकून पुन्हा वापरात येत नाही. दोरांची झीज, वल्ह्यांच्या जोडाची वाळू, प्रथमोपचार पेटीतल्या तारखा हे सगळे याच दिवसांत. यंदापासून सातपुड्याच्या पायथ्याच्या तडवी आणि पावरा तरुणांचे प्रथमोपचार व पाण्यातील बचावाचे प्रशिक्षणही मे महिन्यातच ठेवले आहे, म्हणजे जूनमध्ये ते वाटाड्या म्हणून नव्हे, गटाचे प्रमुख म्हणून पुढे चालतील.