मामांचा ‘मी’

माझ्या थोरल्या मामांना फुप्फुसाचा कर्करोग आहे आणि आता उपचार केवळ वेदना शमवण्यापुरते उरले आहेत. लालबागच्या घरात त्यांना दर चार तासांनी मॉर्फिन दिले जाते. दुखणे उतरल्यानंतर आणि गुंगी चढण्यापूर्वी जी वीस-पंचवीस मिनिटे मिळतात, तेवढ्यात मामा सांगतात आणि मी त्यांचे आत्मचरित्र लिहून घेतो.

‘मी’ हा शब्द त्यांचा आणि वाक्य मात्र माझे, ही अडचण पहिल्याच पानावर आली. ‘मी यंत्रमाग चालवू लागलो’ असे मी लिहिले होते. ते ऐकून मामा म्हणाले, “यंत्रमाग मी कधी चालवला नाही. साचा चालवला, म्हणजे गिरणीतला माग, तोही आधी पाच वर्षं बदली कामगार म्हणून.” तेव्हापासून मी वाक्ये सजवणे सोडले आहे. (शिक्षकी पेशातल्या माणसाला हे वाटते तितके सोपे नाही.)

खरा मतभेद संपावरून झाला. 18 जानेवारी 1982 रोजी सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले, त्यांत मामाही होते. त्यामुळे निम्मे पुस्तक त्यावरच असावे असे मी मनाशी ठरवले होते. त्यांनी मला एकच ओळ दिली. मी ‘संप फसला’ असे लिहिले, तर तेही खोडायला लावले, कारण संप रीतसर कोणी मागे घेतलाच नाही, आणि हे त्यांचे म्हणणे खरे आहे.

त्याऐवजी ते खाणावळीबद्दल भरभरून बोलतात. दहा बाय बाराच्या खोलीत पाळीप्रमाणे आळीपाळीने झोपणारी कोकणातली माणसे, एकेकाचा ठरलेला डबा, बुधवारचा बांगडा आणि खाडे मांडलेली, खाणावळ चालवणाऱ्या मावशींची वही. संपाच्या काळात मामांनी चौदा महिने पैसे दिले नाहीत आणि मावशींनी ताट थांबवले नाही. पुढे नोकरी गेली, मावशी गावी गेल्या, ती उधारी तशीच राहिली. हे सांगायला मामांना तीन दिवस लागले, आणि मला हवे असलेले संपाचे प्रकरण आपण लिहून बसलो आहोत, हे माझ्या फार उशिरा लक्षात आले.

मावशींचे खरे नाव त्यांना आठवत नाही. ते अंदाजाने घालायचे नाही, अशी त्यांची सक्त ताकीद आहे. म्हणून रविवारी मी मामांच्या जुन्या खोलीतल्या जोडीदाराकडे करी रोडला जाणार आहे.