शेवट किती सांगावा?

प्रेमकथा सुचवताना शेवट थोडासा सांगावा लागतो आणि रहस्यकथा सुचवताना तो पूर्णपणे झाकावा लागतो. ज्या कादंबरीत ही दोन्ही सूत्रे एकत्र विणलेली असतात, ती दुसऱ्याच्या हाती देताना नेमके काय बोलावे आणि कोठे थांबावे, या प्रश्नाचा मी बराच विचार केला आहे. मी गोव्यात फोंड्याला राहते. निवृत्त होईपर्यंत शाळेत मराठी शिकवले, त्यामुळे आजही बाजारात, कदंबच्या बसमध्ये किंवा एखाद्या लग्नाच्या मांडवात जुन्या विद्यार्थिनी भेटल्या की “बाई, सध्या काय वाचताय? मला काहीतरी सुचवा ना,” असे हक्काने म्हणतात. त्यांतील बहुतेकींना आजच्या काळातील प्रेमकथा हवी असते आणि तिच्यात थोडे रहस्य, थोडी धास्तीही असावी अशी अपेक्षा असते. ही मागणी मी हलकी मानत नाही. नोकरी आणि घर सांभाळून जी स्त्री रात्री जेमतेम तासभर वाचते, तिचा तो तास मी सुचवलेल्या पुस्तकाला मिळणार असतो.

प्रेमकथेचा वाचक एक आश्वासन गृहीत धरून पुस्तक उघडतो. मध्ये कितीही ताटातूट झाली तरी शेवटी ती दोघे एकत्र येतील, हा इंग्रजीतील प्रेमकथांच्या प्रकाशनव्यवहाराने जवळजवळ नियमच करून टाकला आहे. शेवट ठाऊक असूनही वाचक पाने का उलटतो, याचे समाधानकारक उत्तर मला रहस्यपटांचे दिग्दर्शक आल्फ्रेड हिचकॉक यांच्या विवेचनात मिळाले. फ्रेंच दिग्दर्शक फ्रान्स्वा त्रुफो यांनी घेतलेल्या त्यांच्या मुलाखतींचे पुस्तक १९६६ साली निघाले. टेबलाखाली ठेवलेला बॉम्ब अचानक फुटला तर प्रेक्षक पंधरा सेकंद दचकतो. पण बॉम्ब तेथे आहे हे प्रेक्षकाला आधी कळले आणि टेबलाशी बसलेल्यांना कळले नाही, तर त्यांच्या अगदी साध्या गप्पाही पंधरा मिनिटे जीव मुठीत धरून ऐकल्या जातात, असे हिचकॉक त्यात सांगतात. या कसोटीवर प्रेमकथा ही सस्पेन्सचीच एक शाखा ठरते. दोघांचा एकमेकांवर जीव आहे हे वाचकाला केव्हाच उमगलेले असते आणि त्या दोघांना मात्र ते मान्य नसते. म्हणून ‘शेवट गोड आहे’ एवढे मी निःसंकोच सांगते. ज्या प्रसंगाने दोघांत दुरावा येतो, तो प्रसंग मात्र मी कधीही सांगत नाही, कारण लेखकाने सगळी शक्ती तेथेच खर्च केलेली असते.

मराठीत या दोन्ही प्रकारांना उदंड वाचक मिळाले, मान मात्र मिळाला नाही. बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांतील झुंजार आणि काळापहाड या नायकांनी अनेक घरांत वाचनाची सवय लावली, गुरुनाथ नाईकांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या, तरी वर्गात त्यांचे नाव निघत नसे. प्रेमकथा लिहिणाऱ्या चंद्रकांत काकोडकरांच्या वाट्याला तर खटलाच आला. त्यांच्या आडनावात आमच्या केपे तालुक्यातील काकोडे गाव आहे, म्हणून त्यांच्याविषयी मला थोडी अधिक आपुलकी वाटते. ‘रंभा’ मासिकाच्या १९६२ च्या दिवाळी अंकात आलेल्या त्यांच्या ‘श्यामा’ या कथेवर अश्लीलतेचा आरोप झाला, मुंबई उच्च न्यायालयाने त्यांना दोषी ठरवले आणि १९६९ साली सर्वोच्च न्यायालयाने ती कथा अश्लील नसल्याचा निर्वाळा देऊन त्यांची सुटका केली. त्याच वर्षी त्यांच्या ‘नीलांबरी’ या कादंबरीवर आधारलेला ‘दो रास्ते’ हा हिंदी चित्रपट आला आणि देशभर गाजला. निर्वाळा मिळाला तरी संकोच गेला नाही. आजही प्रेमकथा मागताना कित्येक बायका आवाज खाली आणतात आणि घरी नेताना ते पुस्तक दुसऱ्या एखाद्या ‘चांगल्या’ पुस्तकाखाली धरतात, याचे मला मनापासून वाईट वाटते. माणसे एकमेकांवर विश्वास कसा ठेवतात, तो कसा तुटतो आणि कशाने पुन्हा जुळतो, याहून गंभीर विषय कादंबरीला दुसरा कोणता असू शकतो?

मराठीतून सुरुवात करू पाहणाऱ्या वाचकाला मी सुहास शिरवळकर सुचवते, कारण एकाच लेखणीने दोन्ही प्रांतांत सारख्याच सहजतेने संचार केल्याचे उदाहरण तेथे पाहायला मिळते. दारा बुलंद आणि बॅरिस्टर अमर विश्वास या नायकांच्या रहस्यकथा त्यांनी लिहिल्या, आणि महाविद्यालयीन कट्ट्यावरची मैत्री, प्रेम व पोरकेपणा सांगणारी ‘दुनियादारी’ही त्यांचीच. २०१३ चा चित्रपट पाहिलेल्यांना मी एवढेच सांगते की पडद्यावरचे चेहरे बाजूला ठेवून कादंबरी स्वतंत्रपणे वाचावी.

प्रेम आणि भय यांचा मेळ कसा घालावा, हे ज्याला पाहायचे असेल त्याच्यासाठी डॅफ्ने द्यू मोरिए यांची १९३८ सालची ‘रेबेका’ ही माझ्या मते आजही पहिली पायरी आहे. एक भिडस्त तरुणी एका श्रीमंत विधुराशी लग्न करून त्याच्या भव्य वाड्यात येते, आणि त्या वाड्यातील प्रत्येक खोलीत, प्रत्येक चहाच्या वेळेत, विशेषतः घराची व्यवस्था पाहणाऱ्या बाईच्या थंड नजरेत, तिला आधीच्या पत्नीचे अस्तित्व जाणवत राहते. या तरुणीचे नाव आपल्याला शेवटपर्यंत कळत नाही. ज्याच्यावर आपण जीव लावला तो माणूस खरोखर कोण आहे, या एका प्रश्नावर संपूर्ण कादंबरी उभी आहे, आणि आज रोमँटिक सस्पेन्स म्हणून जे लिहिले जाते त्यातील बराचसा भाग याच प्रश्नाची नवी नवी रूपे मांडतो. सुचवताना मी वाड्यापर्यंत येऊन थांबते. पुढचे काहीही सांगणे हा वाचकावर अन्याय होईल.

काही पुस्तकांच्या बाबतीत मात्र मौन योग्य नसते, असे माझे ठाम मत आहे. कॉलीन हूवर यांची ‘इट एन्ड्स विथ अस’ ही २०१६ ची कादंबरी गोव्यातील महाविद्यालयीन मुलींच्या हातात मी पुष्कळदा पाहते. मुखपृष्ठावर फुले असतात आणि मैत्रिणी ती ‘सुंदर लव्हस्टोरी’ म्हणून एकमेकींना देतात. प्रत्यक्षात ती प्रेमाच्या माणसाकडून होणाऱ्या मारहाणीची कथा आहे, आणि लेखिकेने स्वतःच्या आईच्या आयुष्याचा आधार घेऊन ती लिहिली आहे. माझी एक विद्यार्थिनी अशाच लग्नातून बाहेर पडलेली आहे. तिला हे पुस्तक गोड कथा म्हणून कोणीतरी भेट दिले, आणि ते वाचताना तिची काय अवस्था झाली हे तिने मला सांगितले, तेव्हापासून मी या बाबतीत अधिकच काटेकोर झाले आहे. पुस्तक उत्तम असेल, पण हिंसा, बलात्कार, गर्भपात किंवा मुलांना होणारी इजा त्यात असेल, तर देतानाच सांगावे. त्याने रहस्य फुटत नाही. त्याच लेखिकेची २०१८ ची ‘व्हेरिटी’ देताना मी एवढेच म्हणते की अपघाताने अंथरुणाला खिळलेल्या एका लेखिकेच्या घरात दुसरीला एक हस्तलिखित सापडते, त्यात मुलांविषयीचे काही उल्लेख सहन न होणारे आहेत, आणि कोणावर विश्वास ठेवायचा याचा निवाडा शेवटी वाचकालाच करावा लागतो. ज्यांना सगळ्या गाठी सुटलेल्या हव्या असतात, त्यांना मी ती देत नाही.

कोणाला काय हवे हे ओळखण्यासाठी ‘तुला काय आवडते’ असे विचारण्याचा फारसा उपयोग होत नाही, कारण त्याचे उत्तर बहुधा प्रसिद्ध नावांपुरते मर्यादित राहते. मी विचारते, “अलीकडे कोणते पुस्तक अर्ध्यावर सोडलेस आणि का?” वेर्णा येथील औषधांच्या कारखान्यात रात्रपाळी करणारी एक मुलगी म्हणाली की नायक नायिकेशी सतत उद्धटपणे वागतो आणि लेखिका त्यालाच प्रेम म्हणते, म्हणून तिने पुस्तक मिटले. त्या एका वाक्यावरून तिच्यासाठी पुस्तक निवडणे सोपे झाले. आमच्याकडे आणखी एक अडचण असते. प्राथमिक शिक्षण मराठीतून आणि पुढचे इंग्रजीतून झाल्यामुळे मुली इंग्रजी कादंबऱ्या वाचतात, आया मराठी वाचतात, आणि एकाच घरातील दोन वाचकांना एकमेकींच्या पुस्तकांचा पत्ता नसतो. अशा मायलेकींना मी पणजीला पाटो येथील कृष्णदास शामा राज्य मध्यवर्ती ग्रंथालयात एकत्र जायला सांगते. १८३२ साली सुरू झालेल्या या ग्रंथालयात दोन्ही भाषांची पुस्तके एकाच इमारतीत मिळतात. अगाथा ख्रिस्ती यांच्या कथा मराठी अनुवादातही उपलब्ध असल्याने आईने मराठीत आणि मुलीने मूळ इंग्रजीत एकच कथा वाचावी, अर्धे झाल्यावर संशय कोणावर आहे ते एकमेकींना सांगावे. रहस्यकथेचा याहून चांगला उपयोग मला माहीत नाही.

आता गोव्याविषयी, कारण इथला वाचक जेथे हमखास नाराज होतो ती जागा ही आहे. बाहेरच्या लेखकांच्या थरारकथांत गोवा किनाऱ्यावर सुरू होतो आणि किनाऱ्यावरच संपतो. शॅक, अमली पदार्थ, परदेशी प्रवासी आणि वाळूवरचा मृतदेह, एवढ्यावर भागते. फोंडा, सांगे, सत्तरी या भागांत, राजांगण, म्हणजे मधला उघडा चौक, असलेल्या जुन्या एकत्र घरांत, जेथे प्रत्येकाला प्रत्येकाचे येणे-जाणे ठाऊक असते, तेथे एखादी गोष्ट लपवणे किती कठीण आणि म्हणून किती थरारक असते, याचा विचार क्वचितच होतो. त्याहून मोठा दोष कायद्याचा आहे. गोव्यात १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेवर आधारलेला कौटुंबिक कायदा चालतो. लग्नापूर्वी वेगळा करार केला नसेल तर पती-पत्नीची मालमत्ता सामाईक होते आणि दोघांचा त्यात निम्मा-निम्मा वाटा असतो. घर किंवा जमीन विकायची तर दोघांची संमती लागते, आणि मुलांना मृत्युपत्राने पूर्णपणे वगळता येत नाही, कारण वारशाचा अर्धा भाग त्यांच्यासाठी राखीव असतो. तेव्हा ‘म्हाताऱ्याने मुलांना डावलून सगळी इस्टेट दुसऱ्याच्या नावे केली’ अशा पायावर गोव्यातील खुनाची कथा उभी केली की इथला वाचक दहाव्या पानावर पुस्तक खाली ठेवतो.

हाच कायदा लेखकाच्या हाती केवढे मोठे कथाबीज देतो! आमच्याकडे हिंदू लग्नाचे धार्मिक विधी होण्याआधी नोंदणी कार्यालयात सह्या होतात, आणि त्या सह्या पूर्ण झाल्या की कायद्याच्या दृष्टीने ती दोघे नवरा-बायको होतात. मांडव कधी कधी काही महिन्यांनी पडतो. तोवर मुलगी माहेरीच राहते, नातेवाईक तिला अजून ‘ठरलेली’ समजतात, पण नाते मोडायचे झाले तर न्यायालयाची पायरी चढावी लागते. या मधल्या काळात तिला त्या माणसाविषयी काहीतरी कळले, कोणाचा निनावी फोन आला, किंवा सासरच्या घराच्या कागदांवर तिच्या सहीची अचानक घाई सुरू झाली, तर प्रेम खरे की सहीची गरज खरी, हा प्रश्न आपोआप उभा राहतो. त्यासाठी किनारा लागत नाही आणि मृतदेहही लागत नाही. ही कादंबरी कोणीतरी मराठीत लिहावी अशी माझी फार इच्छा आहे. ती आली तर सह्या आणि मांडव यांच्यामधला काळ ज्यांनी स्वतः काढला आहे, अशा माझ्या विद्यार्थिनींना मी ती सर्वांत आधी देईन.