छल आणि छळ

गेली एकोणीस वर्षं मी फोर्टात कोर्टाच्या कागदांची भाषांतरं करते, मराठीतून इंग्रजीत. लोकांना वाटतं, कायद्याची कलमं अवघड जात असतील. कलमांचे शब्द ठरलेले असतात. घाम फोडते ती पोलीस ठाण्याची मराठी. ‘शिवीगाळ व दमदाटी केली’ ही ओळ हजार वेळा आली असेल, पण शिवी काय दिली ते क्वचितच लिहिलेलं असतं.

त्या दिवशी एका विवाहितेची फिर्याद आली होती. गुन्हा रद्द करा म्हणून सासरचे हायकोर्टात गेले होते आणि तिच्या वकिलांना संध्याकाळपर्यंत भाषांतर हवं होतं. पाच पानं, म्हणजे माझं दोन तासांचं काम. पहिल्याच पानावर नेहमीची ओळ होती: ‘पतीने माझा शारीरिक व मानसिक छळ केला.’ मी ‘हॅरॅसमेंट’ टाइप करून पुढे गेले.

चौथ्या पानावर थांबले. एवढ्या पानांत कुठे मारहाण नव्हती, टोमणे नव्हते, उपाशी ठेवणं नव्हतं. लॉकरमधले दागिने गहाण टाकले, कर्जाच्या कागदांवर ‘रेशनकार्डाचं काम आहे’ सांगून सह्या घेतल्या, पहिलं लग्न लपवलं, एवढंच होतं. सगळी फसवणूक. मग ‘शारीरिक’ आलं कुठून?

शेवटी उत्तर सापडलं. ‘माझा जबाब मराठीत संगणकावर टंकलिखित केला असून मला हिंदीत समजावून सांगितला, तो माझे सांगण्याप्रमाणे बरोबर व खरा आहे.’ खाली तिची सही, हिंदीत, प्रत्येक अक्षरावर वेगळी रेघ ओढलेली. बाई उत्तर प्रदेशातली. ती म्हणाली असणार, ‘मेरे साथ छल हुआ है.’ लिहिणाऱ्याने छळ ऐकलं, आणि छळ म्हटलं की ‘शारीरिक व मानसिक’ हे दोन शब्द ठाण्यात हाताला आपोआप येतात. विवाहितेच्या छळाचं ४९८ अ हे कलम १९८३ मध्ये आलं, आता भारतीय न्याय संहितेत ते ८५ झालं. ठाण्यातलं हे वाक्य मात्र तसंच आहे. त्या अंमलदाराचा राग आला. रात्रपाळी असेल, बाकावर आणखी चार जण बसले असतील, हे मला कळतं. तरी समोरची बाई काय सांगते आहे, ते ऐकायला हवं होतं.

मूळ शब्द एकच, संस्कृत ‘छल’, म्हणजे कपट. हिंदीत तो अर्थ टिकला. मराठीत त्याचा ळ झाला आणि अर्थ जाच, हाल यांच्याकडे सरकला. जुना अर्थ आपल्याकडे ‘निश्छल’मध्ये उरला आहे, तोही ल सकट. न्यायशास्त्रात, म्हणजे आपल्या जुन्या तर्कशास्त्रात, वाक्छल म्हणजे बोलणाऱ्याचा शब्द मुद्दाम दुसऱ्या अर्थाने घेऊन त्याला खोटं पाडणं. एकजण म्हणतो, ‘हा नवकंबल’, म्हणजे नव्या कांबळ्याचा. दुसरा म्हणतो, ‘नऊ कुठे, एकच तर आहे!’ उलटतपासणीत हिच्यावर हेच येणार, याची मला धास्ती वाटली. शारीरिक छळ म्हणता, मग दवाखान्याचा कागद दाखवा. ती खरं तेच सांगेल, मारलं नाही म्हणून. आणि खरी फिर्याद खोटी ठरेल.

वकिलांच्या ज्युनिअरला फोन केला. तो म्हणाला, ‘मॅडम, अब्यूज लिहा ना, सगळं बसतं त्यात.’ २००५ च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्यात तो शब्द शारीरिक, लैंगिक, शाब्दिक व भावनिक आणि आर्थिक अशा चारही बाबतींत आहे, स्त्रीधन परस्पर विकणंसुद्धा त्यात येतं, हे खरंच. लॅटिनमध्ये त्याचं मूळ भलत्या रीतीने वापरणं, वापरून संपवणं असं आहे. इंग्रजीतही एके काळी अब्यूज म्हणजे फसवणं असा अर्थ होता. ‘डिसअब्यूज’, म्हणजे गैरसमज दूर करणं, यात तो अजून दिसतो. दोन्ही शब्द फसवणुकीपाशी येऊन पुढे छळाकडे गेले, याचं मला त्या घाईतही नवल वाटलं. पण सोयीचा शब्द म्हणून मी तो लिहिणार नव्हते. कागदावर छळ आहे, तर भाषांतरात छळच जाईल. मी ‘हॅरॅसमेंट’ कायम ठेवलं आणि मोठ्या वकिलांना सांगितलं, पुरवणी जबाब नोंदवून घ्या, हिंदी नीट कळणाऱ्यासमोर. ते लगेच मानले.

दुसऱ्या दिवशी ती ऑफिसात आली होती. वकिलांनी मलाही बसवून घेतलं. मी विचारलं, ‘उसने मारा था?’

‘नहीं दीदी, हाथ कभी नहीं उठाया. छल किया.’

‘ठाण्यात वाचून दाखवलं होतं ना?’

‘हाँ. यही शब्द था. मैंने सुना, तभी साइन किया.’

मग मी तिला दोन्ही शब्द म्हणून दाखवले, सावकाश, जीभ वळवून, छल आणि छळ. तीनदा म्हटले. ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. म्हणाली, ‘एक ही तो बोल रही हैं आप.’