इरिओमोते: न दिसलेलं मांजर आणि आरसा ओळखणारा मासा

चार रात्री राहिलो, मांजर दिसलं नाही. आधीच सांगून टाकतो, म्हणजे तेवढ्याच आशेवर कुणी तिकीट काढत असेल तर वेळेत सावध होईल.

इरिओमोते हे जपानच्या नैर्ऋत्य टोकाचं, तैवानजवळचं बेट. क्षेत्रफळ जेमतेम २८९ चौरस किलोमीटर, त्यात बहुतेक सगळं जंगल आणि खारफुटी. प्राण्यांवर लिहिणारे लेखक तोगावा युकिओ यांनी १९६५ मध्ये इथल्या रानमांजराचे अवशेष मिळवले आणि १९६७ मध्ये इमाइझुमी योशिनोरी यांनी त्याचं शास्त्रीय वर्णन केलं. तेव्हा ती अगदी वेगळी जात वाटली होती, आता बिबट्या मांजराची उपजात मानतात. सगळी मिळून शंभरेक मांजरं.

एवढ्याशा बेटावर ती टिकली कशी, याचं उत्तर मला पायवाटेच्या कडेला मिळालं. आमच्या गाइडने वाळलेली विष्ठा काडीने हलकेच उकलली. आत पिसाचा देठ, किड्याच्या तंगड्या, बेडकाचं बारीकसं हाड. इथे मुळात उंदीर नव्हतेच, ते माणसाबरोबर आले. त्यामुळे हे मांजर बेडूक, सापसुरळ्या, पाणकोंबड्या, रातकिडे, कोळंबी, जे मिळेल ते खातं. संशोधकांचंही बरंचसं काम असंच चालतं: विष्ठा, स्वयंचलित कॅमेरे, रेडिओ कॉलर. प्रत्यक्ष दर्शन त्यांनाही क्वचितच.

बेडकांमुळेच मांजर रस्त्यावर येतं आणि गाडीखाली सापडतं. पावसाळी रात्री ओल्या डांबरावर बेडकांची गर्दी मी स्वतः पाहिली. वेगमर्यादा ४० आहे, ती पाळाच. रात्री त्याहूनही हळू चला. काही ठिकाणी रस्ता मुद्दाम खरबरीत ठेवलाय, गाडीचा आवाज होऊन मांजर सावध व्हावं म्हणून. खालून बोगदेही काढलेत. मांजर शोधायला रात्री गाडी घेऊन फिरू नका. आम्हाला एकाने तशी ‘खास सफर’ देऊ केली होती, आम्ही नको म्हटलं.

बेटावर विमानतळ नाही. शेजारच्या इशिगाकी बेटापर्यंत विमान, पुढे फेरीबोट. नोव्हेंबरअखेर गेलो होतो आणि उत्तरेच्या वाऱ्याने उत्तरेकडच्या उएहारा बंदराची फेरीबोट रद्द झाली. थंडीत हे नेहमीचंच. दक्षिणेच्या ओहारा बंदरावर उतरून बसने वर गेलो, अर्धा दिवस गेला. परतीचं विमान त्याच दिवशीचं ठेवू नका.

आता समुद्र. उत्तरेच्या होशिझुना किनाऱ्यावरची चांदण्यांसारखी वाळू म्हणजे फोरॅमिनिफेरा या सूक्ष्म जीवांची कवचं. ओहोटीला तिथे खडकांमधल्या पाण्यात स्नॉर्केलिंग करता येतं. पहिल्या दिवशी मी नुसता इकडून तिकडे पोहत राहिलो आणि सगळे मासे पळाले. दुसऱ्या दिवशी एका खडकापाशी दहा मिनिटं तरंगत थांबलो. मासे मोजणारेही एका जागी थांबून ठरावीक वर्तुळातले मोजतात, नाहीतर टेप अंथरून तिच्या दोन्ही बाजूंचे. थोड्याच वेळात पोपट मासा प्रवाळखडकावर दात घासू लागला, कुर्रकुर्र आवाज चक्क ऐकू येतो. मग तो तोंड उघडून स्थिर झाला आणि बोटाएवढा निळा-काळा क्लीनर रॅस, म्हणजे दुसऱ्या माशांच्या अंगावरचे परजीवी खाणारा मासा, त्याच्या कल्ल्यात शिरला. याच जातीवर ओसाकाच्या संशोधकांनी २०१९ मध्ये आरशाचा प्रयोग प्रसिद्ध केला. माशाच्या गळ्यावर परजीवीसारखा ठिपका काढला, तर आरशात पाहून तो गळा तळाशी घासायला लागला. डाग नुसता असून भागलं नाही, आरसाही लागला. ‘स्वतःची जाणीव’ म्हणावं का, यावर वाद आहे. मला तर त्याचं काम पाहूनच पटलं, पण माझं मत म्हणजे पुरावा नव्हे.

इशिगाकी आणि इरिओमोतेच्या मधल्या सेकिसेई लगूनमध्ये, म्हणजे प्रवाळांच्या उथळ समुद्रात, २०१६ च्या उष्ण समुद्राने सुमारे ७० टक्के प्रवाळ मेलं. त्यामुळे पोस्टरवरचे रंग डोळ्यांसमोर ठेवून जाऊ नका. बऱ्याच जागी करडे सांगाडे आहेत, मधूनच नवी फांदी.

उन्हाळ्यात हाबू जातीचे विषारी जेलीफिश असतात. पूर्ण बाह्यांचा सूट घाला, तोच उन्हापासूनही वाचवतो. पाणी ओसरताना खडकांच्या फटीतून बाहेर ओढ असते, तिकडे फिरकू नका. प्रवाळावर उभं राहणं तर नाहीच.

आणि मांजर दिसलंच तर गाडी थांबवा, दिवे त्याच्यावर रोखू नका. वेळ आणि जागा लिहून वन्यजीव संवर्धन केंद्राला कळवा, त्यांना अशा नोंदी हव्या असतात. आम्ही कळवला तो फक्त एक चिखलातला ठसा. तोही कुणा पाळीव मांजराचा निघाला असेल तर नवल नाही.