तुम्ही विचारलंत म्हणून: ध्यानाने ध्येय गाठता येतं का?

"मॅडम, तुम्ही चिडत कशा नाही?" इथून सुरुवात होते. मी रोज सकाळी ध्यानाला बसते हे कळलं की पुढचा प्रश्न येतो, आणि खरं तर समोरच्याला तोच विचारायचा असतो: ध्यानाने आयुष्यात जे करायचंय त्यावर लक्ष टिकतं का, की थोडा वेळ नुसतंच बरं वाटतं? क्लायंट विचारतात, ऑफिसात सीएचं काम शिकायला येणारी मुलं विचारतात, सोसायटीच्या लिफ्टमध्येही विचारून झालंय. लिफ्टमध्ये चौथ्या मजल्यापर्यंत मावेल एवढंच उत्तर देता येतं, म्हणून इथे जरा सविस्तर.

ठाण्यात नौपाड्यात माझी सीएची प्रॅक्टिस आहे. दोन खोल्या, फायलींनी भरलेली तीन कपाटं. जांभळी नाक्यावरचे व्यापारी, वागळे इस्टेटमधले छोटे वर्कशॉपवाले आणि बरेचसे पगारदार असे क्लायंट. आमचा महिना तारखांवर चालतो. ७ ला टीडीएस भरायचा, ११ ला जीएसटीआर-१ आणि २० ला ३बी ही जीएसटीची विवरणपत्रं. एक व्यापारी ठरल्यासारखे १९ तारखेच्या संध्याकाळी बिलांची पिशवी घेऊन येतात. पिशवी कुठल्यातरी लग्नातली, वर 'शुभविवाह' छापलेली. "ताई, बघा ना जरा, सगळं यातच आहे." सगळं त्यात कधीच नसतं.

तर आधी गैरसमज दूर करते: मी चिडते. पिशवी टेबलावर आली की माझा जबडा आवळला जातो आणि कानाच्या पाळ्या गरम होतात. फरक एवढाच की हे होतंय ते मला तिथल्या तिथे कळतं. सकाळी बसलेली असताना खालच्या मजल्यावरचा मिक्सर सुरू झाला की हेच होतं, अगदी याच क्रमाने, त्यामुळे ओळख जुनी आहे. कळल्यावर मला दोन श्वासांची सवड मिळते. तेवढ्यात "बसा, चहा घ्या, खरेदीची बिलं कुठायत?" असं म्हणता येतं. ध्यानाने मला शांत केलं म्हणजे एवढंच केलं, आणि धंद्यासाठी ते पुष्कळ आहे.

बसते कशी, तेही लोकांना हवं असतं. सोफ्याची जुनी उशी दुमडून खाली घेते, पाठ भिंतीला टेकवते. गुडघे दुखतात त्या दिवशी सरळ खुर्चीवर. वेळ वीस मिनिटं. डोळे मिटून लक्ष नाकपुड्यांपाशी ठेवायचं. आत येणारी हवा किंचित गार, बाहेर जाणारी कोमट. वरच्या ओठाच्या वरती एवढ्याशा जागेत तो फरक जाणवतो. श्वास सोडताना एक, पुढच्याला दोन, असं दहापर्यंत. विसरलं की पुन्हा एकपासून. दहा क्वचितच येतात. चारच्या सुमाराला कोणाचं तरी कर भरायचं चलन आठवतं, मग ते चलन ज्याचं त्याची मुलगी, मग तिचं लग्न, मग त्या लग्नातला मठ्ठा. मठ्ठ्यापाशी कधीतरी ध्यानात येतं की आपण श्वास मोजत होतो. परत एक.

बरेच जण इथेच सोडून देतात. "माझं मन काही लागत नाही हो," म्हणतात. अहो, लागत नाही म्हणून तर बसायचं. भरकटल्याचं कळणं आणि ओरडाआरडा न करता परत येणं, हाच सगळा व्यायाम. हार्वर्डच्या दोन संशोधकांनी २०१० मध्ये २,२५० माणसांना फोनवरून दिवसभरात अधूनमधून विचारलं होतं की आत्ता मन हातातल्या कामात आहे का. जवळजवळ ४७ टक्के वेळा उत्तर 'नाही' असं आलं. म्हणजे मठ्ठ्यापर्यंत जाणारे आपण एकटे नाही. गीतेतही अर्जुन तक्रार करतो की मन वाऱ्यासारखं आवरायला कठीण आहे. तेव्हा कृष्ण त्याला 'छे, सोपं आहे' असं म्हणत नाही. आधी कबूल करतो की यात शंका नाही, मग अभ्यास आणि वैराग्य सुचवतो. कबूल करण्याचा तो भाग प्रवचनांमध्ये भराभर उरकतात असं मला वाटतं.

शांत जागेचंही तसंच. ठाण्यात पहाटे साडेपाचला पाण्याची मोटर असते, दुधाचे क्रेट आपटतात, पहिल्या रिक्षा सुटतात. ध्यानासाठी गाडी काढून येऊरच्या डोंगरावर जाणारे माझे ओळखीचे आहेत. त्यांची पहिली वीस मिनिटं पार्किंग शोधण्यात जातात. विपश्यनेच्या दहा दिवसांच्या शिबिरासाठी इगतपुरीला मीही जाऊन आले आहे. पहाटे चारची घंटा, फोन जमा, बोलणं बंद, पहिले तीन दिवस फक्त श्वास. फी नसते, शेवटी वाटलं तर दान द्यायचं. श्वासाकडे बघायची रीत मी तिथेच शिकले. घरी गेल्यावर सकाळ-संध्याकाळ एकेक तास बसा, असं तिथे सांगतात. घर, ऑफिस आणि सासूबाईंची फिजिओथेरपी यांत मला ते जमत नाही आणि त्याची खंतही नाही.

आता ध्येयाचं. ऑडिटरला आकडे बघितल्याशिवाय सही करायची सवय नसते, म्हणून मी थोडं वाचून काढलं. २०१४ मध्ये एका अमेरिकन वैद्यकीय नियतकालिकात ४७ चाचण्यांचा एकत्रित आढावा आला होता, माणसं ३,५१५. चिंता, नैराश्य आणि वेदना यांत ध्यानाचा थोडा ते मध्यम, पण खरा उपयोग दिसला. लक्ष वाढतं म्हणावं तर त्याला पुरेसा पुरावा नव्हता. व्यायाम किंवा औषधं यांच्यापेक्षा ध्यान सरस ठरतं असंही दिसलं नाही. २०१८ चा हाफेनब्रॅक आणि व्होस यांचा अभ्यास तर मजेदार आहे. थोडा वेळ ध्यान केलेल्या लोकांना पुढ्यातलं काम करायची हौसच कमी वाटली. काम मात्र त्यांनी इतरांइतकंच चांगलं केलं.

हे वाचून मला आश्चर्य वाटलं नाही, सुटल्यासारखं वाटलं. कारण माझा अनुभव तोच होता. उठल्यावर 'चला, आज जग जिंकू' असं काही वाटत नाही. जे वाटतं ते 'जग राहू दे, आधी नाश्ता' याच्या जवळपासचं असतं. तेव्हा 'ध्यान करा आणि ध्येय गाठा' अशी पाटी घेऊन बसणाऱ्यांवर माझा विश्वास नाही. ध्येयाकडे ढकलायचं काम ध्यानाला येत नाही. त्याला येतं ते बँक रिकन्सिलिएशनसारखं, म्हणजे आपली वही बँकेच्या स्टेटमेंटशी जुळवून बघण्यासारखं काम: नफा एका पैशाने वाढत नाही, पण कुठली एंट्री खरी आणि कुठली नुसतीच लटकलेली ते दिसतं.

माझ्या दोन एंट्र्या सांगते. डोळे मिटले की घोडबंदर रोडवरच्या काचेच्या टॉवरमधलं मोठं ऑफिस यायचं. रिसेप्शन, कॉन्फरन्स रूम, दारावर नाव. बरेच दिवस ते येत राहिल्यावर मला दिसलं की ते कधी एकटं येत नाही. त्याच्याबरोबर माझ्या बॅचमधल्या एकाचा चेहरा येतो, त्याने ग्रुपवर टाकलेला रिबन कापतानाचा फोटो येतो आणि पोटात तोच मुरडा येतो. दुसरी गोष्ट जीएसटीच्या अपिलांची. क्लायंटला आलेल्या डिमांडच्या, म्हणजे कर भरा असं सांगणाऱ्या, ऑर्डरवर अपील लिहायचं आणि न्यायाधिकरणापुढे स्वतः उभं राहून बाजू मांडायची. सीएला अधिकृत प्रतिनिधी म्हणून ते करता येतं, पण आमच्यातले बरेच जण वकिलाकडे फाइल सोपवून मोकळे होतात. हा विचार यायचा तेव्हा कोणाचा चेहरा नसायचा. एखाद्या ऑर्डरमधला कच्चा मुद्दा दिसायचा, तो कसा धरायचा हे सुचायचं आणि श्वास मोजायचा राहून जायचा.

तरी निर्णय मी उशीवर बसून घेतला नाही, आणि तुम्हीही घेऊ नका. बसलेलं असताना सगळंच पटतं, 'सगळं सोडून कोकणात जाऊ' हेसुद्धा. रविवारी दुपारी वही काढली आणि टॉवरमधल्या ऑफिसचं भाडं, डिपॉझिट आणि आणखी दोन पगार लिहिले. मग ते फेडायला लागणाऱ्या क्लायंटची बेरीज केली आणि ते ऑफिस तिथेच पडलं. अपिलांसाठी फक्त वेळ लागणार होता. मंगळवार आणि गुरुवारी सकाळी ध्यानानंतरचा दीड तास मी त्यासाठी बांधून टाकला. फोन दुसऱ्या खोलीत, समोर कायदा आणि एक ऑर्डर. तिथे ध्यान थेट उपयोगी पडतं. कलम वाचता वाचता मन डाळिंबी उसळीकडे वळलं की पाचव्या ओळीवर परत यायची सवय झालेली असते. दीड तासात असं कितीतरी वेळा यावं लागतं. पहिल्या अपिलाचा मसुदा तसाच झाला.

एक महत्त्वाचं. ध्यानाला बसल्यावर कोणाची छाती धडधडायला लागत असेल, जुनं काही वर येऊन त्रास होत असेल, तर जोर लावू नका. काही लोकांना तसं होतं. थांबा, डॉक्टरांशी बोला. सरकारची टेली-मानस हेल्पलाइन १४४१६ आहे, तिथे मराठीतही बोलता येतं. आणि पुढच्या खोलीत भांडण चालू असेल तर ते मिटवायचं सोडून डोळे मिटून बसू नये, हे माझं वैयक्तिक मत.

ॲप कुठलं, असंही विचारता. कुठलंच नाही, फोनचा साधा टायमर. फक्त त्याचा आवाज सकाळच्या अलार्मचा ठेवू नका, नाहीतर वीस मिनिटं शांत बसून शेवटी दचकून उठाल. सुरुवात दहा मिनिटांनी करा, महिनाभर वाढवू नका. आणि आणखी काही विचारायचं असेल तर जरूर फोन करा, फक्त २१ तारखेनंतर.