वरच्यांची घरघंटी, आमचा तबला आणि मधला पाच इंची स्लॅब

आठवड्यातून दोनदा तरी पहाटे साडेपाचला आमच्या बेडरूममध्ये 'घूंऽऽऽ' असा आवाज सुरू व्हायचा. मोठा नाही हो, पण दातात बसल्यासारखा. उशी डोक्यावर घेतली तरी तसाच, उलट जास्त. आधी वाटलं बोअरची मोटर, म्हणून सोसायटीच्या वॉचमनला दोनदा झोपेतून उठवलं (तो अजून माझ्याकडे तसाच बघतो). मग वाटलं हायवे, कारण आम्ही नाशिकच्या इंदिरानगरला, मुंबई-आग्रा रोडच्या बऱ्यापैकी जवळ, रात्रभर ट्रक चालूच असतात. पण ट्रक येतो आणि जातो, हा आवाज पंचवीस मिनिटं एकाच सुरात आणि मग खट्कन बंद.

त्यानंतर मी जे केलं ते बहुतेक सगळे करतात म्हणून सविस्तर सांगतो. ऑनलाइन बघून ते काळं टोकाटोकांचं फोम मागवलं, स्टुडिओत भिंतीला असतं ते. रविवारी मी आणि मुलगा मिळून स्प्रे ग्लूने बेडच्या मागची अख्खी भिंत भरून टाकली, बायको म्हणाली बेडरूम आहे का वांग्याचं शेत. आणि मंगळवारी पहाटे घूंऽऽऽ. तस्सं. काडीचा फरक नाही. फरक एवढाच पडला की खोलीत आपण बोललेलं जरा दबकं यायला लागलं, टाळी वाजवली की घुमत नव्हतं.

तर हीच मेख आहे. खोलीतला घुमार कमी करणं वेगळं आणि बाहेरचा आवाज आत येऊ न देणं वेगळं. फोम, अंड्यांचे ट्रे, जाड पडदे हे सगळं पहिल्या कामाचं. भिंतीतून आरपार येणारा आवाज अडवायला लागतं वजन. ढोबळ हिशोब असा की भिंतीचं वजन दुप्पट केलं तर कागदावर साधारण ६ डेसिबल कमी होतात, आणि कानाला 'निम्मा झाला' वाटायला १० डेसिबल कमी व्हावे लागतात. आता माझं दोन इंची फोम चौरस मीटरला दीड किलोसुद्धा भरत नाही आणि चार इंची विटांची दोन्हीकडून प्लास्टर केलेली भिंत चौरस मीटरला दोनशे किलोच्या वर. म्हणजे हत्तीच्या पाठीवर रुमाल ठेवून हत्ती जड झाला म्हणायचं. आणि ते अंड्यांचे ट्रे तर घरात लावूच नका, वरून साधं फोमसुद्धा वायरिंग आणि स्विचबोर्डच्या जवळ नको, पेटलं तर धडधडून पेटतं.

अक्कल आली असं वाटत असतानाच दुसरा खर्च केला. एक मित्र गाड्यांच्या अ‍ॅक्सेसरीजमधला आहे, तो म्हणाला अरे डॅम्पिंग शीट लाव, आम्ही दारांना लावतो, दार बंद केलं की कसला घट्ट आवाज येतो बघ. ब्युटाइल रबराची शीट, वरून अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा, मागे चिकट. एक बॉक्स आणला. भिंतीला लावायच्या आधी नशिबाने वाचायची बुद्धी झाली. डॅम्पिंग म्हणजे थरथरणाऱ्या वस्तूची थरथर मारणं. पातळ पत्रा घंटेसारखा वाजतो, त्याला हे चिकटवलं की मधलं रबर घुसळलं जातं, थरथरीची थोडी उष्णता होते आणि आवाज विरतो. पण विटांची भिंत किंवा पाच इंची काँक्रीटचा स्लॅब मुळात पत्र्यासारखा वाजतच नाही. स्लॅबचं वजन चौरस मीटरला ३०० किलो, त्याला तीन-चार किलोचा स्टिकर लावून काय होणार.

मग त्या बॉक्सचं काय करायचं, तर बाल्कनीवर आमचा पत्रा आहे. पावसाळ्यात तो पत्रा म्हणजे विसर्जन मिरवणुकीतलं ढोलपथक, फोनवर बोलता येत नाही. एका कोरड्या दुपारी खालच्या बाजूने पुसून, सुकवून, लाटण्याने दाबून दाबून (हो, जुनं लाटणं, रोलर कोण आणणार) तुकडे चिकटवले. सगळा पत्रा झाकायची गरज नसते, निम्म्यापेक्षा कमी भाग झाकला तरी काम होतं, फक्त तुकडा प्रत्येक पट्ट्याच्या मध्यावर हवा, कडेला नाही. पुढच्या पावसात आई आतून म्हणाली, "पाऊस थांबला का रे?" चांगला धो धो चालू होता. तडतड जाऊन थपथप उरली होती. उरलेल्या दोन शीट किचनच्या स्टीलच्या सिंकला खालून लावल्या, भांडी घासताना जो कर्कश्श आवाज यायचा तो गेला. म्हणजे वस्तू चांगलीच होती, मी चुकीच्या दुखण्याला लावत होतो.

पण घूंऽऽऽ चालूच. आता एका फॉल्स सीलिंगवाल्याला बोलावलं. तो आत्मविश्वासाने म्हणाला, साहेब डबल जिप्सम बोर्ड, मध्ये रॉकवूल (दगडी तंतूंची लोकर), चार इंच गॅप, वरचं काहीच ऐकू येणार नाही. आकडा ऐकून मी जरा थांबलो आणि मोबाइलवर आवाजाचा आलेख दाखवणारं फुकटचं अ‍ॅप टाकून पहाटे बसलो. सगळा आवाज एकाच काडीत, ४८ हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला ४८ कंपनं. हे फार कामाचं निघालं. ४८ गुणिले ६० म्हणजे २८८०, आणि २८८० आरपीएम (मिनिटाला फेरे) म्हणजे आपल्याकडची सिंगल फेज दोन-पोलची मोटर. बोअर बंद होता. कोणाच्या तरी घरात मोटर चालते आहे.

दुसरं म्हणजे त्या सीलिंगवाल्याचं गणित. लटकवलेला बोर्ड आणि वरची पोकळीतली हवा मिळून स्प्रिंगवर टांगलेलं वजन होतं, आणि त्याचा स्वतःचा एक सूर असतो. बोर्डचं चौरस मीटरचं वजन गुणिले पोकळी मीटरमध्ये, त्याचं वर्गमूळ काढायचं आणि ६० ला त्याने भागायचं. दोन थर म्हणजे १८ किलो, पोकळी ०.१ मीटर, उत्तर येतं साधारण ४५ हर्ट्झ. माझी मोटर ४८ ला! म्हणजे एवढे पैसे घालून मी नेमका त्याच सुराचा ढोल डोक्यावर टांगून घेतला असता. रॉकवूलने तो सूर थोडा खाली सरकतो आणि माजतही कमी, पण फायदा होण्याइतका नाही. टीव्ही, बोलणं, भांडण यासाठी असं सीलिंग उत्तम, कारण ते आवाज बरेच वरच्या पट्टीतले असतात. मोटरसाठी नाही.

शेवटचा संशय स्टीलच्या पेल्याने मिटवला. पेला भिंतीला लावून त्याच्या बुडाशी कान. खोलीच्या कोपऱ्यातला कॉलम छताइतकाच घुमत होता! छत कितीही झाकलं असतं तरी आवाज कॉलम आणि भिंतीतून खाली उतरलाच असता. मग ठरवलं, मोटर शोधायची.

शोधायला फार लागलं नाही. दोन मजले वर, आमच्या डोक्यावर नाहीच, तिसऱ्या मजल्यावरच्या काकू. भाजणी, ज्वारी, नाचणी सगळं घरी दळतात, ओळखीच्या चार जणींनाही दळून देतात. घरघंटी कोरड्या बाल्कनीत, चार कडक प्लास्टिकच्या चाकांवर, थेट टाइल्सवर. मी जरा घाबरतच गेलो, भांडण नको होतं. काकू म्हणाल्या, "अरे मला वाटलं पहाटे केलं की कोणाला त्रास नाही, दुपारी पोरं झोपतात." याला काय उत्तर देणार.

आधी मी वॉशिंग मशीनखाली ठेवतात ते रबरी बूट नेले. शून्य फरक, कारण ते एवढे टणक की मशीन ठेवलं तरी दबतच नव्हते. रबर दबलं नाही तर ते रबर नसून दगडच आहे. सातपूरला मशीनरीचं सामान मिळतं तिथून मऊ पॅड आणले. काकूंच्या टेरेसवर शहाबादी फरशीचा दोन बाय दोनचा तुकडा पडला होता, दोघांनी उचलून आणताना कंबर बोलली. पॅडवर फरशी, फरशीवर चाकं काढलेली घरघंटी, सगळं मिळून ऐंशी किलोच्या आसपास. पट्टीने मोजलं, पॅड ३ मिलिमीटर दबले. एवढे दबले की त्यावरच्या वजनाचा स्वतःचा सूर साधारण ९ हर्ट्झवर येतो, मोटर ४८ वर, म्हणजे पाचपट अंतर. गणितात खाली जाणारा हादरा पाच टक्क्यांच्या आत, खऱ्या रबरात तेवढं मिळत नाही कारण हलताना ते जास्त कडक वागतं, पण मला पुरलं. एक काळजी घ्यावी लागली, मागची फरशी भिंतीला टेकत होती. तेवढी अर्धा इंच टेकली तरी हादरा तिथून भिंतीत शिरतो. पुढे ओढली. त्या शनिवारी मला साडेसातला जाग आली. सगळा खर्च फोमच्या चौथ्या हिश्श्यात.

आणि मग आमच्याच दारावर बेल. खालचे काका. "तुमचा तबला छान चाललाय, पण धा आला की आमचा पंखा ऐकतो." मला मेल्याहून मेल्यासारखं. दीड वर्ष मी वरच्यांच्या नावाने ओरडत होतो आणि मुलगा रोज संध्याकाळी टाइलवर नुसती चटई टाकून रियाज करत होता. तबल्याची चाट हवेतून जाते, ती दार-खिडकीत अडते, पण डग्ग्याचा घुमारा गादीतून थेट फरशीत.

यावेळी शहाणा होतो. सुताराकडून चार बाय तीनचे १२ मिलिमीटर प्लायचे दोन तुकडे कापून घेतले आणि मध्ये डॅम्पिंग कंपाउंड लावलं, ते कधीच वाळून कडक होत नाही. सुताराला ते पटेना, तो म्हणे फेव्हिकॉल लावतो, दहा वर्षं निघणार नाही. अहो निघायला नकोच आहे, पण फेव्हिकॉलने दोन प्लायचा एक जाड प्लाय होतो आणि तो वाजतो. यात दोन्ही थर एकमेकांवर किंचित सरकतात आणि मधला चिकट थर ती थरथर खाऊन टाकतो. बोटाच्या पेराने वाजवून दाखवलं, सुट्या प्लायवर टक् आणि जोडलेल्यावर नुसतं थप्. सुताराने तीनदा वाजवून बघितलं. खाली इंचभर जाडीचे रबराच्या चुऱ्याचे पॅड, वरती जुनी सतरंजी. काका म्हणतात आता त्रिताल ओळखू येत नाही. मुलाला वाईट वाटलं.

उरलेलं पटकन. बेडरूमच्या दाराखाली अर्ध्या इंचाची फट होती. ऐकायला काहीच नाही, तीन फुटी दाराला १८ चौरस इंच, म्हणजे दाराच्या ०.६ टक्के, पण एवढ्या फटीमुळे दार कितीही जाड घेतलं तरी साधारण २२ डेसिबलच्या पुढे आवाज अडत नाही. चौकटीला रबरी गॅस्केट आणि खाली सील लावलं, टीव्हीचा आवाज हॉलमध्येच राहिला. शेजारच्यांच्या सिरियल मात्र स्विचबोर्डातून ऐकू यायच्या, कारण चार इंची भिंतीत दोन्हीकडचे डबे पाठीला पाठ लावून बसवलेले असतात. मेन बंद करून, इलेक्ट्रिशियनला सोबत घेऊन, डब्याच्या कडेच्या भेगा न वाळणाऱ्या सीलंटने भरल्या. स्वतः करू नका.

राहिली हायवेकडची खिडकी. सध्याच्या स्लायडिंगच्या आत दुसरी खिडकी बसवायची आहे, मध्ये चार इंच तरी अंतर आणि आतली काच लॅमिनेटेड, बाहेरचीपेक्षा वेगळ्या जाडीची, नाहीतर दोन्ही काचा एकाच सुरावर ढिल्या पडतात. बायको म्हणते २०२७ च्या सिंहस्थाच्या आत व्हायला हवं, तेव्हा गाड्या किती असतील. सुतार म्हणाला दिवाळीनंतर करतो. कुठल्या दिवाळीनंतर ते मी विचारलं नाही.