स्पायडरची जोडी लावू का?

ठाण्यात पाचपाखाडीला माझा प्राण्यांचा दवाखाना आहे. कुत्री-मांजरे रोजचीच, पण गेल्या काही वर्षांत घोडबंदर रस्त्यावरच्या आणि नवी मुंबईतल्या घरांतून बॉल पायथन हे आफ्रिकी अजगरही तपासणीसाठी येऊ लागले आहेत. त्यांना घेऊन येणारी माणसे बहुधा तरुण असतात आणि सापावर त्यांची मनापासून माया असते. त्यांतल्या अनेकांनी मला एकच प्रश्न निरनिराळ्या शब्दांत विचारला आहे: "डॉक्टर, स्पायडर थोडा डोलतो हे मान्य, पण तो खातो, वेळेवर कात टाकतो, मादीशी जुळतोही, मग त्याची जोडी लावली तर बिघडले कुठे?" बाहेर रुग्ण थांबलेले असताना याचे उत्तर घाईघाईने द्यावे लागते, म्हणून ते येथे नीट लिहितो. जोडी लावू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

स्पायडर ही वेगळी जात नव्हे. बॉल पायथन हा पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला जमिनीवर राहणारा लहान अजगर. त्याच्या अंगावरचे काळे पट्टे कोळ्याच्या जाळ्याच्या धाग्यांसारखे बारीक करणारा एक जनुकीय बदल म्हणजे स्पायडर मॉर्फ, म्हणजे रंग-नक्षीचा एक वाण. आफ्रिकेतून आणलेल्या एका सापापासून 1999 च्या सुमारास अमेरिकेत त्याची पैदास सुरू झाली आणि जगभरचे स्पायडर त्या एकाच वंशातले आहेत.

गेल्या पावसाळ्यात एका मुलाने असा नर आणला होता. उशीच्या अभ्र्याची गाठ सोडून साप टेबलावर ठेवला, तेव्हा वेटोळे शांत होते आणि फक्त डोके बारीक कापत होते. हाताळायला लागल्यावर त्याने मान उचलली, हनुवटी हळूहळू छताकडे वळली आणि डोके मळसूत्रासारखे फिरत पाठीकडे गेले. निरोगी सापाला उताणा ठेवला तर तो तत्काळ पोटावर येतो. हा काही वेळ तसाच पडून राहिला आणि मग टप्प्याटप्प्याने सरळ झाला. मुलाने मोबाइलवर घरच्या खाण्याचा व्हिडिओ दाखवला. चिमट्यात धरलेल्या उंदरावर सापाने झेप घेतली ती चार बोटे डावीकडे. दुसरी झेपही हवेत गेली. तिसऱ्या वेळी उंदराच्या मागच्या पायात दात रुतले आणि मुलगा आनंदाने म्हणाला, "बघा, खातोय की." खात होताच, पण माझे लक्ष आधीच्या दोन झेपांवरून हटत नव्हते.

हे डोलणे म्हणजे सवय नाही, खोड तर नाहीच. जर्मनीतल्या संशोधकांनी 2022 मध्ये स्पायडर आणि साध्या बॉल पायथनच्या अंतर्कर्णांची सूक्ष्म क्ष-किरण चित्रे ताडून पाहिली, तेव्हा स्पायडरमधल्या अर्धवर्तुळाकार नलिका बेढब आढळल्या आणि गुरुत्वाची जाणीव देणारी पिशवी खुजी निघाली. सापाला बाहेरून कान दिसत नाहीत, पण डोके कुठे वळले आणि वर कोणते, खाली कोणते, हे त्यालाही आतल्या कानामुळेच कळते. ज्याला अंड्यातून बाहेर पडल्यापासून वर-खाली नीट उमगलेलेच नाही, त्याने प्रत्येक घास अंदाजाने पकडायचा.

येऊरच्या पायथ्याशी एकदा कंपाउंडच्या भिंतीवरून धामण जाताना मी पाहिली आहे. भिंतीच्या टोकाशी थांबून तिने हातभर अंग अधांतरी पुढे काढले, समोरच्या फांदीचा अंदाज घेतला आणि पान न हलवता ती पलीकडे गेली. तोल हे सापाचे जवळजवळ सगळे जगणे आहे. बॉल पायथन धामणीइतका चपळ नसेल, पण त्यालाही वेटोळ्यातून नेमकी झेप घ्यावी लागते.

"पण त्याला दुखते असे कुठे दिसते?" या प्रश्नावर मी सर्वांत जास्त विचार केला आहे. साप कण्हत नाही, त्याला पापण्या नाहीत, चेहऱ्यावर काही उमटत नाही. त्यामुळे त्याच्या वेदनेचा पुरावा मागणे आपल्याला फार सोयीचे जाते. नागपंचमीला टोपलीतून फिरवलेल्या, तोंड शिवलेल्या नागाबद्दल मात्र आपल्याला कोणी पुरावा मागत नाही. तो नागही फणा काढतो, डोलतो, काही दिवस जगतोही, आणि तरी त्यातले क्रौर्य कुणालाही समजते. पैदास करणाऱ्यांचा हेतू गारुड्यासारखा नसतो, हे मी मनापासून मान्य करतो. तरीही खाणे आणि वीण या दोन गोष्टी चालू आहेत म्हणजे प्राणी सुखात आहे, हे गणित दोन्हीकडे सारखेच चुकते.

सौम्य डोलणारे नर-मादी निवडून दोष हळूहळू घालवता येईल, अशी काहींची आशा असते. अडचण अशी की नक्षी आणि दोष एकत्रच उतरतात. कमी-अधिक प्रमाणात डोलत नाही असा स्पायडर नाही, आणि सौम्य आईबापांच्या पोटीही जोराने डोलणारी पिल्ले जन्मतात. साध्या मादीशी जोडी लावली तरी सरासरीने निम्मी पिल्ले स्पायडर निघतात. शिवाय पेस्टल या दुसऱ्या मॉर्फशी संकर झाला की दोन्ही गुण घेतलेल्या पिल्लांना बंबलबी म्हणतात, आणि नवख्या ग्राहकाला त्या नावात स्पायडर दडला आहे हे कळतसुद्धा नाही.

लेपर्ड गेको या पाळीव पालीच्या लेमन फ्रॉस्ट मॉर्फचेही असेच झाले. त्याचा सुंदर पांढरा-पिवळा रंग आणि त्वचेतल्या रंगपेशींच्या गाठी एकाच जनुकाशी निगडित आहेत, हे 2021 मध्ये प्रसिद्ध झाले. त्या पालींची पैदास करणाऱ्यानेच संशोधकांना नमुने दिले होते. धंद्याचे नुकसान दिसत असताना त्याने हे केले, याचा मला फार आदर वाटतो.

कायद्याचे विचाराल तर आपल्याकडचे नाग, धामण, अजगर घरी ठेवताच येत नाहीत. बॉल पायथनसारख्या परदेशी प्राण्यांसाठी वन्यजीव कायद्यातली 2022 ची दुरुस्ती आणि 2024 चे नियम यांनुसार नोंदणी करावी लागते, जन्मलेली पिल्लेही कळवावी लागतात. ती अवश्य करा. मात्र नोंदणी झाली म्हणजे ही जोडी लावणे योग्य ठरले, असे नाही. तो निर्णय तुमचाच राहतो, आणि अंडी पडण्याआधीच घ्यायचा असतो.

ज्यांच्या घरी स्पायडर आधीच आहे, त्यांनी कृपया अपराधी वाटून घेऊ नये. माझा विरोध जोडी लावण्याला आहे, जन्मलेल्या सापाला नाही. बॉल पायथन वीस-तीस वर्षे जगतो, तेवढी वर्षे त्याला सांभाळायचे आहे. पेटीत उंच फांदी ठेवू नका, लपायला दोन्ही बाजूंनी अंगाला लागेल अशी अरुंद जागा द्या, हाताळणी कमी करा, कारण अस्वस्थ झाला की डोलणे वाढते. उंदीर त्याच्यासमोर नाचवू नका. जमिनीलगत, तोंडाजवळ, स्थिर धरा.

त्या मुलालाही मी हेच सांगितले. घरी त्याने याच नरासाठी घेतलेली पेस्टल मादी होती, आणि हिवाळ्यात त्यांना एकत्र सोडायचे ठरले होते. तो बराच वेळ काही बोलला नाही. डिसेंबरात नेहमीच्या तपासणीला आला, तेव्हा मी न विचारताच म्हणाला, "दोघे वेगळ्या पेट्यांत आहेत, डॉक्टर." मग त्याने नवा व्हिडिओ दाखवला. उंदीर खाली, अगदी तोंडाशी धरलेला होता, आणि सापाने तो पहिल्याच झेपेत पकडला.